मत एकच, मोजणी निराळी

४ जून २०२४ रोजी सातारा लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. भाजपचे उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ मतं पडली आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार पक्षाचे शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३. फरक ३२,७७१ मतांचा. इथवर नवल काही नाही. पण तिसऱ्या क्रमांकावर एक अपक्ष उमेदवार होते. त्यांचं चिन्ह पिपाणी, आणि त्यांची मतं ३७,०६२. म्हणजे विजयाच्या फरकापेक्षाही जास्त! शिंदे यांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. मग काय, कोयनानगरपासून वाईपर्यंत जिथं तिथं एकच वाद रंगला: पिपाणीनं तुतारी पाडली की नाही?

हा वाद मिटणं अवघड आहे, कारण मतदान यंत्र मतदाराला एकच प्रश्न विचारतं: तुम्हाला कोण हवा? ‘तो नसेल तर दुसरा कोण चालेल?’ हे ते विचारत नाही. मात्र जगात असे काही देश आहेत, जिथं मतपत्रिकेवर हा दुसरा प्रश्नही असतो, तिसराही असतो आणि उत्तरं खरोखर मोजली जातात. आयर्लंड हा त्यांतला सर्वांत ठळक देश. तिथली संसदेची निवडणूक कशी चालते, हे कळलं की आपली निवडणूकही जास्त चांगली कळते.

आघाडी थोडी, जागा अख्खी

आधी आपली रीत पाहू. कोयनानगर पाटण विधानसभा मतदारसंघात येतं. पाटण, कराड उत्तर, कराड दक्षिण, सातारा, कोरेगाव आणि वाई असे सहा मतदारसंघ मिळून सातारा लोकसभा होते. सुमारे १९ लाख मतदार आणि खासदार एक. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून आला. निम्म्याहून जास्त मतं मिळालीच पाहिजेत, अशी अट नाही. २०२४ मध्ये साताऱ्यातल्या विजयी उमेदवाराला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून थोडी कमीच मतं होती.

शेजारच्या सांगलीत हे अधिक स्पष्ट दिसतं. २०१९ मध्ये तिथं तिरंगी लढत झाली. भाजपचे संजयकाका पाटील यांना ५,०८,९९५, स्वाभिमानी पक्षाकडून उभे असलेले विशाल पाटील यांना ३,४४,६४३ आणि वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर यांना ३,००,२३४ मतं मिळाली. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज केली तर ती पहिल्यापेक्षा १,३५,८८२ मतांनी जास्त भरते. तरी जागा पहिल्याची, आणि ती नियमाप्रमाणेच.

पाच वर्षांनी त्याच सांगलीत पुन्हा तिरंगी लढत झाली. काँग्रेसमधून बंडखोरी करून लिफाफा चिन्हावर लढलेले विशाल पाटील ५,७१,६६६ मतं घेऊन जिंकले. महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार, शिवसेना ठाकरे गटाचे पैलवान चंद्रहार पाटील यांना ६०,८६० मतं पडली. मतदारांनी केंद्रावर जाण्याआधीच हिशेब केलेला दिसतो. ‘मत वाया जाऊ द्यायचं नाही’ हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य या पद्धतीतूनच आलं आहे. आवडता कोण यापेक्षा निवडून येण्याजोगा कोण, हा विचार मतदाराला आधी करावा लागतो.

दोन जिल्ह्यांएवढा देश

आयर्लंड लहान देश आहे. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५१ लाख ४९ हजार भरली. २०११ च्या आपल्या जनगणनेनुसार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचीच मिळून ५८ लाखांवर होती. पण आयर्लंडच्या संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे तिथल्या लोकसभेत, १७४ सभासद बसतात. दर २० ते ३० हजार लोकांमागे एक सभासद असला पाहिजे, असं तिथली राज्यघटनाच सांगते.

या संसदेशी मराठी माणसाचं एक नातंही आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर ब्रिटनला आणि पुढं आयर्लंडला गेले. त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर १४ जून २०१७ रोजी आयर्लंडचे पंतप्रधान झाले, वय ३८. २०१९ च्या अखेरीस ते वराडला येऊनही गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ८ फेब्रुवारी २०२० रोजी, तिथं सार्वत्रिक निवडणूक झाली. विद्यमान पंतप्रधान आपल्या डब्लिन पश्चिम मतदारसंघातून पहिल्या फेरीत निवडून आले नाहीत. त्यांना पाचव्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. पहिल्या फेरीतच निवडून आले ते शिन फेन पक्षाचे पॉल डोनेली. विशेष म्हणजे दोघंही एकाच मतदारसंघातून जिंकले!

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. तिथं चमत्कार काही नाही, कारण आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून एक नव्हे, तीन ते पाच सभासद निवडले जातात. २०२४ च्या निवडणुकीत असे ४३ मतदारसंघ होते.

मतपत्रिकेवर १, २, ३

आयरिश मतदाराला बटण दाबायचं नसतं. त्याच्या हातात कागदाची मतपत्रिका आणि पेन्सिल असते. सर्वांत आवडत्या उमेदवारासमोर तो १ लिहितो, त्यानंतरच्या पसंतीला २, मग ३. हवे तितके आकडे लिहावेत, नाहीतर नुसता १ लिहून थांबावं. एका पक्षाच्या माणसाला १ आणि दुसऱ्या पक्षाच्या माणसाला २ देणं तिथं अगदी सर्रास चालतं.

कोयनानगरचे पदवीधर आणि शिक्षक हे वाचून म्हणतील, ‘हे तर आम्हीही करतो!’ बरोबर आहे. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचा मिळून विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघ आहे, आणि तसाच शिक्षक मतदारसंघही. तिथं यंत्र नसतं. मतपत्रिका कागदाची असते, त्यावर पक्षचिन्हं नसतात आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच पसंतीचे आकडे लिहायचे असतात. राज्यसभा, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकाही पसंतीक्रमानंच होतात. १९४६ मध्ये प्रांतिक विधिमंडळांनी घटना समिती निवडली तीही याच रीतीनं, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा बंगालमधून निवडून गेले होते. फरक एवढाच, की जी रीत आपण पदवीधर, शिक्षक आणि लोकप्रतिनिधींपुरती ठेवली, ती आयर्लंडनं सगळ्या जनतेच्या हाती दिली.

कोटा ठरतो कसा?

आता मोजणी. पहिली पायरी म्हणजे कोटा काढणं. निवडून येण्यासाठी जितकी मतं पुरेशी ठरतात तो आकडा म्हणजे कोटा. वैध मतांना, जागांच्या संख्येत एक मिळवून, भागायचं आणि उत्तरात पुन्हा एक मिळवायचा.

समजा, चार जागा आहेत आणि वैध मतं ५०,०००. चारात एक मिळवला की पाच. ५०,००० भागिले पाच म्हणजे १०,००० आणि वर एक. कोटा झाला १०,००१. हाच आकडा का? कारण १०,००१ मतं चार जणांनाच मिळू शकतात. पाच जणांना प्रत्येकी तेवढी द्यायला ५०,००५ मतं लागतील, आणि तेवढी मतं नाहीतच. जागा एकच असेल तर याच सूत्रानं कोटा निम्म्याहून जास्त येतो.

दुसरी पायरी शिलकीची. एखाद्याला १२,००० मतं पडली, तर कोट्यावरची १,९९९ त्याला काही उपयोगाची नाहीत. आपल्या पद्धतीत ती नुसती पडून राहतात. आयर्लंडमध्ये ती पुढं जातात. कोयना धरणाचं जसं असतं, तसंच. १०५.२५ टीएमसी ही धरणाची क्षमता. तेवढं पाणी भरलं की वरचं पाणी अडवून ठेवण्यात अर्थ नसतो. सहा वक्र दरवाजे उचलून ते खाली सोडतात आणि ते पुढच्यांच्या कामी येतं. कोटा भरलेल्या उमेदवाराची शिल्लक अशीच पुढच्या पसंतीच्या उमेदवारांकडे सोडली जाते. त्याच्या मतदारांपैकी निम्म्यांनी दुसरी पसंती ‘ब’ला दिली असेल, तर शिलकीचा निम्मा वाटा ‘ब’ला मिळतो.

मुंबईत हेच घडलं होतं

शिल्लक पुढं गेल्यानं निकाल फिरतो, याचा दाखला आपल्याला दूर शोधायला नको. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झालं. उमेदवार सात. सहाव्या जागेसाठी सामना होता दोन कोल्हापूरकरांत: शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक.

वैध मतं २८४ ठरली. राज्यसभेत मतांचे बारीक तुकडे करता यावेत म्हणून एका मताचं मूल्य १०० धरतात. म्हणून एकूण मूल्य २८,४००. त्याला सातानं भागून एक मिळवला की कोटा येतो ४,०५८, म्हणजे जवळपास ४०.५८ मतं. पहिल्या पसंतीत पवार यांना ३३ मतं होती, महाडिक यांना २७. आपल्या लोकसभेच्या रीतीनं पवार सहज जिंकले असते.

पण भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती. कोट्यावर दोघांचीही सात-साडेसात मतांएवढी शिल्लक उरली. ती दुसऱ्या पसंतीच्या महाडिक यांच्याकडे गेली आणि २७ वरून ते कोट्यापलीकडे पोचले. पहाटे निकाल लागला तेव्हा ‘जास्त मतं असून पवार हरले कसे?’ असं अनेकांनी विचारलं. उत्तर या शिलकीत होतं. सहावी जागा भाजपनं पहिल्या पसंतीपेक्षा दुसऱ्या पसंतीच्या आखणीवर जिंकली.

तळातून वगळत जाणं

शिल्लक वाटूनही जागा भरल्या नाहीत, तर तिसरी पायरी. सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो. त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडून प्रत्येकीवरची पुढची पसंती पाहतात आणि ते मत पूर्ण मूल्यानं त्या उमेदवाराकडे जातं. मग पुन्हा तळाचा बाद. जागा भरेपर्यंत हे चालतं. वराडकर यांचा कोटा असाच फेऱ्या-फेऱ्यांनी भरला.

पुणे विभागातही दोन्ही तऱ्हा पाहायला मिळाल्या आहेत. २०२० मध्ये पदवीधर मतदारसंघात कुंडलच्या अरुण लाड यांना पहिल्या पसंतीचीच १,२२,१४५ मतं पडली आणि कोटा तिथंच पार झाला. त्याच वेळी शिक्षक मतदारसंघात पहिल्या पसंतीवर कुणाचाच कोटा भरला नाही. तळाचे उमेदवार एकेक करून वगळावे लागले आणि शेवटी जयंत आसगावकर विजयी ठरले.

मग २०१९ च्या सांगलीत ही पद्धत असती, तर निकाल उलटला असता का? हिशेब करून पाहू. बाकीचे छोटे उमेदवार बाजूला ठेवू. तिसऱ्या क्रमांकाचे पडळकर बाद झाले असते आणि त्यांची ३,००,२३४ मतं वाटली गेली असती. विशाल पाटील १,६४,३५२ मतांनी मागं होते. प्रत्येकानं दुसरी पसंती लिहिली असं धरलं, तर त्यांना या मतांतली २,३२,००० हून अधिक मिळायला हवी होती, म्हणजे चारांपैकी तिघांहून जास्त. ते अशक्य नाही, पण सोपंही नाही. ‘विरोधी मतांची बेरीज केली तर अमुक पडला असता’ असं म्हणताना आपण हा टप्पा विसरतो. बाद झालेल्याची मतं गठ्ठ्यानं एकाच ठिकाणी जात नाहीत.

पिपाणीचं काय झालं असतं?

आता साताऱ्याकडे येऊ. तिथं तर फरक भरून काढायला पिपाणीच्या ३७,०६२ मतांपैकी सुमारे ३५,००० शशिकांत शिंदे यांच्याकडे यावी लागली असती, म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव. ही सगळी मतं केवळ चुकून पडली होती असं मानलं, तर हे शक्य वाटतं. पण इथंच खरी मेख आहे. जो माणूस पिपाणीलाच तुतारी समजला, तो पिपाणीसमोर १ लिहिल्यावर २ कुणाला देईल? त्याच्या समजुतीनं त्यानं तुतारीला मत दिलेलंच आहे. खऱ्या तुतारीकडे तो दुसऱ्या पसंतीला वळेलच, असं नाही.

थोडक्यात, पसंतीक्रम मतविभागणीवरचा उपाय आहे. चिन्हाच्या गोंधळावर तो चालत नाही. त्यासाठी चिन्हं वाटतानाच काळजी घ्यावी लागते आणि पक्षांना मतदारापर्यंत आपलं चिन्ह नीट पोचवावं लागतं.

पेन्सिल, कठडा आणि थांबणं

या पद्धतीची किंमत वेळात मोजावी लागते. आपल्याकडे सकाळी यंत्रं उघडली की दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होतं. आयर्लंडमध्ये मोजणी दोन-तीन दिवस चालू शकते. मोजणीच्या सभागृहात पेट्या उघडतात, कर्मचारी मतपत्रिका उलगडतात आणि कठड्याबाहेर पक्षांचे कार्यकर्ते वही-पेन घेऊन उभे असतात. प्रत्येक कागदावरचा १ कुठं आहे, ते बघून खुणा करत जातात. अधिकृत पहिली फेरी जाहीर होण्याच्या कितीतरी आधी त्यांचा अंदाज बाहेर पडलेला असतो, आणि तो बहुधा बरोबर निघतो. या कामात पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांना आकडेही देतात.

आयर्लंडनं यंत्रांचा प्रयोग केला नाही असं नाही. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत यंत्रावर मतदान घेतलं. डब्लिन उत्तरमध्ये सगळ्या फेऱ्यांचे आकडे एकदम जाहीर झाले आणि माजी मंत्री नोरा ओवेन यांना आपण हरल्याचं व्यासपीठावर, कॅमेऱ्यांसमोर उभ्या असताना कळलं. पुढं यंत्रांवर मतांचा कागदी पुरावा राहत नाही, हा आक्षेप वाढला. पाच कोटी युरोंहून अधिक खर्च झालेली ती यंत्रं त्यानंतर वापरलीच नाहीत आणि २०१२ मध्ये भंगारात गेली. पेन्सिल टिकली.

आपली गरज निराळी होती. सुमारे १,९६० मेगावॅट वीज करणाऱ्या कोयना प्रकल्पाच्या दारातसुद्धा मतदान यंत्र बाहेरच्या विजेवर चालत नाही. ते स्वतःच्या बॅटरीवर चालतं. शिवसागर जलाशयाच्या काठच्या दुर्गम गावांकडे पथकं लाँचनं जातात, आणि तिथं वीज असो वा नसो, मतदान थांबत नाही. दाबलेल्या बटणाची चिठ्ठी व्हीव्हीपॅटच्या काचेमागं सात सेकंद दिसते. ७ मे २०२४ रोजी सातारा-सांगलीत मतदान झालं ते असंच. हे यंत्र एक मत उत्तम मोजतं. पसंतीक्रम मोजायला ते बनवलेलंच नाही.

मग आपण ही पद्धत का घेतली नाही?

लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी घटना समितीत झाली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. मतपत्रिकेवर आकडे लिहायला साक्षरता लागते, ती तेव्हा फार थोडी होती. शिवाय छोट्या-छोट्या गटांत विभागलेल्या सभागृहातून स्थिर सरकार कसं येणार, ही चिंता होती.

ही चिंता निराधार म्हणता येत नाही. २०२० मध्ये आयर्लंडात शिन फेनला पहिल्या पसंतीची सर्वाधिक, २४.५ टक्के मतं मिळाली. पण तिन्ही प्रमुख पक्ष जवळपास सारखेच आले आणि सरकार बनायला जूनअखेर उजाडली, म्हणजे साडेचार महिने गेले. एकमेकांचे जुने वैरी असलेले फियाना फॉल आणि फिना गेल ग्रीन पक्षाला घेऊन एकत्र आले आणि पंतप्रधानपद वाटून घेतलं. फियाना फॉलचे मायकल मार्टिन आधी पंतप्रधान झाले. फिना गेलचे वराडकर डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा त्या खुर्चीत बसले.

शिन फेनचीही एक फजिती झाली. आपली लाट इतकी मोठी असेल, असं न वाटल्यानं त्यांनी ४२ उमेदवारच उभे केले. त्यांतले ३७ निवडून आले. कोट्यावरची त्यांची शिल्लक इतर पक्षांच्या, विशेषतः छोट्या डाव्या पक्षांच्या उपयोगाला आली. उमेदवार कमी दिले तर शिल्लक दुसऱ्याची, जास्त दिले तर आपलीच मतं विखुरतात. तिथला पक्षनेता या कोड्यात झोप घालवतो. उमेदवारालाही आपल्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराशी स्पर्धा करावी लागते. म्हणून गटारं, रस्ते अशा स्थानिक कामांत तिथले खासदार गुंतून पडतात, ही तक्रारही जुनी आहे.

इतकं असूनही आयरिश जनतेनं ही पद्धत सोडली नाही. ती काढून आपल्यासारखी पद्धत आणावी, असा प्रस्ताव सरकारनं १९५९ आणि १९६८ मध्ये सार्वमताला ठेवला. लोकांनी दोन्ही वेळा तो फेटाळला. आपलं दुसरं आणि तिसरं मतही विचारलं जावं, असं ज्यांनी एकदा अनुभवलं ते सहजी मागं जात नाहीत.

थोडक्यात

* आपली लोकसभा: मतदारसंघात जागा एक, मत एक, सर्वाधिक मतं असलेला विजयी. निकाल लवकर, सरकार बहुधा लवकर.
* आयर्लंडची संसद: मतदारसंघात तीन ते पाच जागा. मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम.
* कोटा: वैध मतं भागिले (जागा + १), आणि उत्तरात १ मिळवायचा.
* शिल्लक: कोट्यावरची मतं पुढच्या पसंतीला.
* वगळणं: तळाचा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला.
* आपल्याकडे पसंतीक्रम: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा, विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांसह काही जागा.

लोकसभेची पद्धत बदलावी की नाही, यावर मतभेद राहणारच. पण ज्यांच्या हाती पसंतीक्रमाची मतपत्रिका येते, त्यांनी ती नीट वापरली तरी खूप झालं. कोयना खोऱ्यातल्या पदवीधरांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील, तर १८ नंबरचा अर्ज पुन्हा भरा. शिक्षकांसाठी १९ नंबरचा. दोन, मतपत्रिकेवर १ हा आकडा लिहिलाच पाहिजे. तो नसेल, तर बाकीच्या साऱ्या पसंत्या बाद होतात.